दात्याची घाई

१९९९ सालच्या मे महिन्यांत बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानें ‘सेटी ॲट होम’ ही योजना लोकांपुढें ठेविली. अरेसिबोच्या दुर्बिणीनें टिपलेल्या रेडिओलहरींत परग्रहावरील बुद्धिमंतांचा संकेत शोधावयाचा, आणि त्याचें गणित घरोघरींच्या रिकाम्या संगणकांनीं करावयाचें. २०२० च्या मार्चअखेरपर्यंत हें कामवाटप चाललें. मोबदला कांहीं नाहीं; केवळ गुण नांवावर जमत. पण गुणांची हांव पैशाच्या हांवेहून धाकटी असते असें नाहीं! कित्येकांनीं संगणकाच्या रॅमचा, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीचा, वेग कारखान्यानें नेमिलेल्या मर्यादेपलीकडे चढविला.

अशी ताणलेली स्मृति मोठी फसवी. यंत्र बंद पडलें तर बरेंच. पण पुष्कळदां तें चालूच राहतें आणि शून्याच्या जागीं एक वाचून मोकळें होतें. मालकास पत्ता नसतो. म्हणून जाणते लोक रात्रभर स्मृतीची चांचणी घेत, आणि एक जरी चूक आढळली तरी वेग एक पायरी उतरवीत.

धर्माच्या गायीचे दांत कोण पाहतो, असें कोणी म्हणेल. बर्कलेनें ते पाहिले. एकच काम निदान दोन संगणकांस देऊन उत्तरें ताडून पाहण्याची त्यांची रीत होती. साधीं यंत्रेंही चुकतात, कांहीं लोक लबाडीही करीत. तेव्हां सारा दोष या हौशी मंडळींचा नव्हे. तरी आपली चूक परक्याच्या विजेवर पकडली जाईल, या भरंवशावर वेग चढविणारास दाता म्हणावें काय? मला तसें म्हणवत नाहीं. चांचणीस जुंपलेल्या यंत्राच्या मालकास त्या रात्रीचा एकही गुण मिळत नसे, आणि यादींत त्याचें नांव तेवढें खालीं जाई.