तिने साप नाही, माझा चेहरा पाहिला

मागच्या पावसाळ्यात गावी आमच्या अंगणात धामण निघाली. धामण बिनविषारी असते, हे मला शाळेपासून माहीत आहे. तरी मी ओरडत ओट्यावर उडी मारली. माझी पाच वर्षांची भाची मात्र जागची हलली नाही. तिने आधी धामणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मग ती रडायला लागली.

माझं दचकणं मी समजू शकतो. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो. जोसेफ लेडू या मेंदूशास्त्रज्ञाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की धोक्याची खबर विचार करणाऱ्या कॉर्टेक्सला वळसा घालून, शॉर्टकटनेही तिथे पोचते. आमच्या कोडिंगच्या भाषेत, व्हॅलिडेशनच्या आधीच फंक्शन रन झालेलं असतं.

पण भाचीच्या रडण्याचं काय? 1980च्या दशकात सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांवर प्रयोग केले. या माकडांना सापाची भीती नव्हती. सापाला घाबरणाऱ्या दुसऱ्या माकडांचे व्हिडिओ पाहून ती घाबरायला शिकली. मग व्हिडिओ एडिट करून तीच माकडं फुलांना घाबरताहेत असं दाखवलं. फुलांची भीती मात्र ती शिकली नाहीत. म्हणजे मेंदू अगदी कोरा नसतो. काही भीतींसाठी त्यात जागा राखलेली असते, पण ती भरते दुसऱ्याचा चेहरा पाहून.

तो चेहरा कसा असावा, हे पुष्कळदा संस्कृती ठरवते. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांची पूजा व्हायची. नाग तर खरोखरच विषारी. तरी तिथल्या मुलांनी मोठ्यांच्या चेहऱ्यावर काही वेगळंच पाहिलं असणार.

माणसांची भीतीही आपण अशीच शिकतो का? लहानपणी एका वस्तीतून जाताना आईने माझा हात घट्ट धरला होता. ती एक शब्दही बोलली नव्हती. आजही तिथून जाताना माझा हात खिशातल्या मोबाईलवर जातो. तिथे माझं कधीच काही चोरीला गेलेलं नाही.

दचकण्याचा दोष मी स्वतःला देत नाही. पण दचकल्यानंतर काय करायचं, हे माझ्या हातात असतं. त्या दिवशी शेजारचे काका काठी घेऊन आले, तेव्हा मी त्यांना थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही.

भाची अजून विचारते, "मामा, ती चावली होती का?"

मी "नाही" म्हणतो. पुढे काय सांगायचं, ते मला सुचत नाही.