सेवाव्रत आणि बिरुद

सेवा करावयाची ती एकट्याने व निनावीपणे करावी, की शपथ घेऊन, संघात शिरून, अंगावर चिन्ह धारण करून करावी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. प्रथमोपचाराचे शिक्षण देणाऱ्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्थेचा आठ टोकांचा पांढरा क्रूस वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ही संस्था इंग्लंडात १८७७ साली निघाली. परंतु ते चिन्ह कितीतरी जुने आहे, आणि ज्या ख्रिस्ती वीरसंघापासून ते आले, त्याचा इतिहास या प्रश्नाचा मोठा बोलका साक्षीदार आहे.

जेरुसलेमातील यात्रेकरूंच्या एका रुग्णालयातून हा संघ उदयास आला व १११३ साली दुसरा पास्कल या पोपने त्यास मान्यता दिली. सभासदाने ब्रह्मचर्य, अपरिग्रह व आज्ञापालन ही तीन व्रते घ्यावयाची असत. रोगी दाराशी आला, की तो जणू घरचा धनीच आहे असे समजून त्याला शय्येवर न्यावे, आणि सेवकांनी स्वतः जेवण्यापूर्वी त्याला जेवू घालावे, असा तेथील नियम होता. अतिथीस देव मानणाऱ्या आपल्या लोकांना ही भाषा परकी वाटू नये. पुढे या सेवकांच्या हाती तलवार आली, मुलूख आला, संपत्ती आली. १५३० पासून माल्टा बेट त्यांच्या ताब्यात होते. तेथील त्यांच्या रुग्णालयात रोग्यांस चांदीच्या ताटांतून अन्न वाढीत. आणि त्याच संघाची लढाऊ गलबते वल्हविण्यासाठी गुलाम जुंपलेले असत. चांदीचे ताट आणि गुलामाची बेडी ही दोन्ही एकाच घरात नांदली.

हे पाहून कोणी म्हणेल, की दोष त्या शपथेचा व बिरुदाचा. खऱ्या सेवेस यांतील काहीच लागत नाही. आम्हांस हे सर्वस्वी पटत नाही. बिरुदाविषयी आमचा आग्रह नाही; त्याने अहंकार पोसतो हे उघड आहे. परंतु व्रताची गोष्ट निराळी. दया ही येते आणि जाते. पहिल्या दिवशी रोग्याची जखम पाहून डोळ्यांत पाणी येते, दहाव्या दिवशी त्याच जखमेची दुर्गंधी नकोशी होते. त्या दहाव्या दिवसासाठीच व्रत असते. व्रतात उणीव असेल तर ती दुसरीकडे आहे. सेवा करणारा कोण होईल, एवढेच ते पाहते; सेवा घेणारा कोण होईल, हा विचार त्यात सहसा येत नाही. धनी म्हणून गौरविलेला रोगी खाटेवरच पडून राहतो, आणि पुण्याची जमा मात्र सेवकाच्या खाती पडते.

त्याच जेरुसलेमाच्या तटाबाहेर महारोग्यांचे एक रुग्णालय होते. त्यातून संत लाझारसचा संघ निघाला. येथे महारोगी हाच सभासद होत असे. दुसऱ्या एका संघातील वीरास हा रोग जडला, तर त्याला या संघात येता येई. ज्याला जगाने टाकले त्याच्याच अंगावर चिन्ह आणि त्याच्याच हाती कर्तव्य! हा विचार आम्हांस चांदीच्या ताटाहून मोठा वाटतो.

वणीकरांस याचे उदाहरण शोधावयास समुद्रापार जाण्याचे कारण नाही. वर्धा नदी ओलांडली, की पलीकडे वरोरा आहे. तेथे वकिली करणाऱ्या मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे यांना तुळशीराम नावाचा, हातापायांची बोटे झडलेला महारोगी पावसात पडलेला दिसला, आणि ते भिऊन पळाले. बाबांनी ही भीती पुढे कधी झाकली नाही, हे विशेष. ते परत फिरले. कलकत्त्यास जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली. आणि १९५१ साली पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रोगी व एक लंगडी गाय एवढ्या परिवारासह खडकाळ माळावर आनंदवन मांडले. विहीर खणली ती रोग्यांनी, जमीन फोडली ती रोग्यांनी. त्यांनी पिकविलेली भाजी विकत घेण्यास लोक प्रथम धजत नसत. म्हणजे रोग्याच्या हाताला काम मिळाले, तरी त्या हाताचा माल घेण्यास निरोगी हात पुढे येईना. येथे व्रताची खरी अडचण कळते: बाबांनी आपले व्रत घेतले होते, पण बाजाराने कोणतेच घेतले नव्हते.

यास्तव सभासदांचे कर्तव्य मोजताना संघाबाहेरच्या आम्हा गृहस्थांचा हिशेब सुटता कामा नये. महारोग्यांस वेगळे कोंडण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता. पती किंवा पत्नीस महारोग असणे हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ साली निघाली. हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो हे तोवर कित्येक वर्षे सर्वांस ठाऊक होते. कायदा करणारे व तो चालू ठेवणारे कोणी दुष्ट नव्हते. आपल्यासारखेच शिकलेले, कुटुंबवत्सल लोक होते. आनंदवनात रोगमुक्त झालेली माणसे तेथेच लग्ने करून, संसार थाटून राहिली, याचे आम्ही कौतुक करतो. ती आपापल्या गावी का परतली नाहीत, हे मात्र कौतुक करताना कोणी विचारीत नाही.