नाग पाळण्याआधी

पाठ टेकून बसा. श्वास आपल्या गतीने चालू द्या. विषारी साप घरी ठेवावा अशी ओढ मनात असेल, तर तिला दडपू नका आणि लगेच तिच्या मागेही जाऊ नका. आधी तिच्याकडे नीट पाहू.

सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा डोळ्यांसमोर आणा. आषाढ सरत आलाय, बांध भिजलेत. पूर्वी या दिवसांत इथली माणसं नाग धरायला रानात जायची. धरलेला नाग मडक्यात ठेवून वर फडकं बांधायची, त्याला बेडूक-उंदीर खाऊ घालायची. नागपंचमीला पूजा, मिरवणूक, आणि मग नाग पुन्हा रानात. जिव्हाळा खरा होता, यात मला शंका नाही.

आता मन त्या मडक्यात न्या. घाई नको. नागाला बाहेरचे कान नाहीत, पण जमिनीतून येणारी थरथर त्याच्या अंगात उतरते. बाहेर वाद्यं वाजताहेत, माणसं चालताहेत. तो जीभ बाहेर काढून हवेतला गंध टिपतो, तर सगळा माणसांचाच वास. फडकं सुटतं, उजेड येतो. मानेच्या बरगड्या फाकवून तो फणा काढतो. आपण म्हणतो, नाग डोलतोय. तो भ्यालेला असतो. समोरच्या हालचालीवरून त्याची नजर हटत नाही.

इथे थांबा. स्वतःला विचारा: मला साप हवाय, की त्याच्याजवळ न घाबरता उभा असलेला मी हवाय? उत्तर येईपर्यंत बसा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडायला आणि घरी ठेवायला बंदी आहे. २०१४ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिराळ्यातली जिवंत नागांची पूजा थांबली. २०२५ मध्ये केंद्राने २१ नाग पकडू दिले, तेही पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीला देण्यासाठी, मोजक्या दिवसांपुरते. गावाला हे बोचलं, ते समजण्यासारखं आहे. तरी मला बंदी योग्य वाटते.

मग तयारी कसली करायची? साप आधीच शेजारी आहे, त्या शेजाराची. पाटण-जावळीच्या भातखाचरात, वाळव्याच्या उसात तो आपल्याआधीपासून राहतो. घोणस निदान कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा दुखतही नाही. सकाळी पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. घोड्यांच्या रक्तापासून बनणारं ते औषध सरकारी दवाखान्यात मिळतं, मांत्रिकाकडे नाही.

आता डोळे उघडा. आज रात्री अंथरूण खाटेवर घाला, मच्छरदाणी गादीखाली खोचा, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. प्रतिविष असलेला जवळचा दवाखाना कोणता, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आणि साप घरात शिरलाच, तर काठी उचलू नका. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.