पंचनाम्याच्या आधी

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या आसपास डाळिंबाची नवी बाग लावणारा शेतकरी पहिले पीक हाती येईपर्यंत दोन-अडीच वर्षे नुसता खर्चच करत असतो. सोसायटीचे कर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी, तेही पुरले नाही तर ओळखीच्या सावकाराकडून उचललेले पैसे. बहार धरल्यावर फळांवर तेल्या रोग उतरला की सगळा हिशेब बुडतो. गारपीट किंवा अवकाळी झाली तर पंचनामा तरी होतो. तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येतात, नुकसानीची टक्केवारी लिहिली जाते. बागेच्या मालकाच्या मनात जी भीती बसते, तिच्यासाठी त्या कागदावर रकाना नसतो. तो चारचौघांत येणे टाळतो, फोन उचलत नाही, त्याची झोप उडते. गावाला हे दिसते. त्याने हाय खाल्ली आहे असे गाव म्हणते, दोन शब्द धीराचे बोलते आणि आपापल्या कामाला लागते. आपल्याकडे करुणेचा तुटवडा आहे असे मला वाटत नाही. ती कोणावर काम म्हणून सोपवलेली नाही, म्हणून वेळेवर पोहोचत नाही.

उशिरा पोहोचलेली करुणा कशी असते, हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याने आत्महत्या केली तर २००५-०६च्या शासन निर्णयांनुसार वारसांना १ लाख रुपये मिळतात, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण तपासते: कुटुंबाच्या नावावर जमीन होती का, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, वसुलीचा तगादा होता का. मग शेरा पडतो, पात्र किंवा अपात्र. नियमांवाचून सरकारी पैसा वाटता येत नाही, हे मान्य. पण जन्मभर शेतात राबलेल्या बाईच्या कुटुंबाचे नाव सातबाऱ्यावर नसेल तर ती या चौकटीत शेतकरी ठरणे अवघड. आणि विनापरवाना सावकाराचे कर्ज, जे माणसाला सर्वांत जास्त छळते, तेच कागदावर सिद्ध होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्यांपैकी ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या आहेत. मृत्यूनंतर इतके प्रश्न विचारणारी यंत्रणा आपण उभी करू शकलो. त्यातला एखादा तरी प्रश्न माणूस जिवंत असताना त्याच्या दारात जाऊन विचारला जावा.

हे जमते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना नैराश्याची लक्षणे ओळखायला शिकवले, समुपदेशक नेमले, गरज लागेल त्याला मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचवले. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मनात आत्महत्येचे विचार येतात असे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमाला देणे बरोबर नाही. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने मात्र काटेकोर तुलना करून दाखवले, की डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी आरोग्य केंद्रात सहा ते आठ बैठका घेतल्या तरी तीव्र नैराश्य कमी होते. आपल्या सरकारने २०१५ साली ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. सोलापूर त्यात नव्हते. शेजारचा धाराशिव होता. पावसाची ओढ आणि कर्जाची भीती जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाहीत.

चळवळीतला माणूस इथे चिडून विचारेल: भाव द्या, पाणी द्या, कर्ज माफ करा, समुपदेशन कसले करता? हा राग खरा आहे. पडलेल्या भावाचे दुखणे शेतकऱ्याच्या मनावर ढकलणे ही फसवणूकच ठरेल. पण २०१७ आणि २०१९च्या कर्जमाफीने बँका-सोसायट्यांच्या थकबाकीला हात घातला. खासगी सावकाराचा आकडा तसाच राहिला. २०१४च्या सावकारी कायद्याखाली बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. घाबरलेला माणूस तिथवर जातच नाही, कारण सावकार गावातलाच असतो आणि लाजही वाटते. त्याच्यासोबत त्या कार्यालयाची पायरी चढणारे कोणी हवे. म्हणून धीर देणे आणि हक्क मिळवून देणे ही कामे मला वेगळी करता येत नाहीत.

दुसरा आक्षेप जुना आहे. लग्नातला खर्च, दारू, झेपणार नाही एवढी बाग हे त्याचेच निर्णय, त्याने निस्तरावेत. जबाबदारी त्याचीही आहे, हे मी टाळणार नाही. कर्जाचा खरा आकडा घरात सांगणे, बायकोला अंधारात न ठेवणे, हे त्याच्या वतीने दुसरा कोणी करू शकत नाही. पण भेदरलेल्या माणसाला उद्याचे दिसत नसते, आणि हिशेब मागायचा तर आधी तो जगला पाहिजे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ हेच धरून चालते: आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे ते मानते आणि त्याच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकते. शासनाने जबाबदारी घेतली की काय होते ते श्रीलंकेत दिसले: अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, तेव्हा आत्महत्यांचे प्रमाण दोन दशकांत निम्म्याहून खाली आले. त्याच देशात १८० गावांपैकी निम्म्या गावांत कीटकनाशके ठेवायला कुलपाच्या पेट्या देऊन पाहिले. त्याने फरक पडला नाही. सगळा भार घरावर टाकून शासनाला मोकळे होता येत नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

मग हे करायचे कोणी? बोट लगेच आशाताईंकडे वळते. ज्यांना मोबदल्यासाठी २०२३-२४ मध्ये राज्यभर संप करावा लागला, त्यांच्यावर हे आणखी एक फुकटचे काम लादणे अन्याय होईल. या कामाचा त्यांना वेगळा मोबदला हवा. मोडनिंबसारख्या बाजारपेठेच्या गावात घाबरलेला शेतकरी सोसायटीत, बँकेत किंवा शेतीऔषधांच्या दुकानात येतोच. तिथल्या सचिवाला, वसुली अधिकाऱ्याला, दुकानदाराला त्याची अवस्था ओळखण्याचे आणि त्याला नीट विचारण्याचे प्रशिक्षण हवे. थकबाकीच्या प्रत्येक नोटिशीवर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापलेला हवा. तालुक्याला निदान एक पूर्णवेळ समुपदेशक हवा, आणि त्याच्या पगाराची तरतूद जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात आकड्यानिशी दिसायला हवी.