माहेरी दोन रकात

चार दिवसांसाठी पुण्याहून सोलापूरला आले होते. जोहरला अम्मीने माझी जुनी जानमाज खिडकीजवळ अंथरली. याच जागी मी नमाज शिकले. चारऐवजी दोन रकात फर्ज पढून सलाम फेरला, तेव्हा दारात शेंगा फोडत बसलेल्या अम्मीचे हात थांबले. ती काही बोलली नाही. मलाच भरून आलं.

संध्याकाळी अब्बांना विचारलं, "या घरात मी मुसाफिर कशी?"

"लग्न करून कोंढव्यात नांदतेस म्हणून. आपल्या हनफी मसलकात तेच आता तुझं असली वतन. तिथून अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे साधारण ७८ किलोमीटर, ओलांडले आणि मुक्काम पंधरा दिवसांच्या आतला असला की जोहर, असर, इशाचे फर्ज दोन रकात. फजर आणि मगरिब आहे तशीच."

"पण काल गाडीतून आरामात आले. दमलेही नाही."

अब्बांनी सगळी उमर एस.टी. चालवली. म्हणाले, "तुळजापूरचा घाट दिवसातून चारदा चढायचो, घामाघूम व्हायचो, तरी पूर्ण चार रकात. पंचेचाळीस किलोमीटरचं तर अंतर. पुण्याच्या गाडीवर टेंभुर्णीच्या स्टँडवर मात्र दोन. दमणुकीवर नाही ते. हजरत उमर यांनाही प्रश्न पडला होता की भीतीचे दिवस सरले, मग कसर, म्हणजे नमाज आखूड करणं, कशाला? पैगंबरांनी त्यांना सांगितलं की हे अल्लाहने दिलेलं दान आहे, ते घ्यावं."

"दान पाहुण्याला देतात, अब्बा. घरच्याला नाही."

मग मी काल सोबत असलेल्या जाऊबाईंचं सांगितलं. त्या रत्नागिरीच्या, शाफई. इंदापूरला थांबलो तेव्हा त्यांनी जोहरला जोडूनच असरही पढून घेतली. त्यांच्याकडे प्रवासात तशी मुभा आहे. कसरही मुभाच, मनात आलं तर चार पढाव्यात. आमच्याकडे कसर वाजिब, म्हणजे करायलाच हवी, आणि दोन नमाजा एका वेळेत जोडायच्या त्या फक्त हजला, अरफात आणि मुजदलिफात.

"मीही जोडायचो," अब्बा म्हणाले. "जोहर अगदी शेवटाला, असर वेळ लागल्या लागल्या. वुजू एकच, पण नमाज जिच्या तिच्या वेळेत."

"त्यांना निवडता येतं. मला नाही. आणि एक सांगा, दोन गावांत दोन बायका असल्या तर पुरुषाची दोन्ही गावं वतन. लेकीला मात्र एकच?"

हे त्यांना लागलं. जरा वेळाने म्हणाले, "तुझा भाऊ हैदराबादला कायमचा गेला. तोही इथे दोनच पढतो."

"त्याने गाव सोडलं. माझं सुटलं."

मराठीत वतन म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हक्क, आणि कसर म्हणजे उणीव. हे दोन्ही अर्थ कानात घेऊनच मी वाढले. फिकहमधल्या, म्हणजे धर्मशास्त्रातल्या, त्याच शब्दांचा अर्थ वेगळा आहे हे मला ठाऊक आहे. तिथे संसार कुठे थाटलाय एवढंच विचारतात, जीव कुठे अडकलाय हे नाही. नियमाशी माझं भांडण नाही. पण "आता तू इथे मुसाफिर" हे वाक्य लेकीला ज्या सहजतेने ऐकवतात, ती सहजता मला मान्य नाही.

अब्बा म्हणाले, "पैगंबरांचा जन्म मक्केचा. मदिनेला घर केल्यावर, ६३० साली मक्का हाती आली, तेव्हा आपल्या जन्मगावात ते दोनच रकात पढले. गावावरची माया आटली होती का त्यांची?"

"नाही. पण दुसऱ्या रकातीनंतर सलाम फेरताना त्यांना काय वाटलं असेल?"

अब्बांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि तसाच हातात धरून बसले. अम्मीने शेंगांची टोपली आत नेली.

त्या रात्री इशाला ते मशिदीत गेले नाहीत. हॉलमध्ये पुढे स्वतःची जानमाज टाकली आणि मागे आम्हा दोघींसाठी सोलापुरी चादर लांब अंथरली. मुकीम, म्हणजे स्वतःच्या गावी असलेल्या, इमामामागे उभा राहिलेला मुसाफिर चारही रकात पुऱ्या करतो. हा नियम मलाही पाठ होता, दुपारी आठवला नव्हता इतकंच.

दोन रकातींनंतर बसलो, अत्तहियात झाली. अब्बांनी तकबीर म्हटली आणि अम्मीबरोबर मीही उभी राहिले.