रेघ कुठं जुळते

लग्नसराईत अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून अमरावतीकडे निघालं, की वाटेवरच्या गावांतल्या भिंती वाचत जाता येतं. दाराच्या बाजूला चुन्यावर गणपती, त्याखाली ‘शुभविवाह’, मग नवरदेव-नवरीची नावं आणि तारीख. पेंटर आधी खडूनं रेघ आखून घेतो आणि मग ब्रश मोकळा सोडतो. उकार लांब शेपूट काढतो, वेलांटी पुढच्या अक्षरावरून झेपावते. एकाच नावात दोनदा आलेला ‘र’ दोन तऱ्हांचा होतो.

आता नावं फ्लेक्सवरही छापली जातात. पण संगणकालाही हस्ताक्षराचा मोह सुटलेला नाही. इंडियन टाइप फाउंड्रीनं 2014 मध्ये ‘कलम’ हा मोफत फॉन्ट आणला. त्यातली देवनागरी अक्षरं लिपी रावल यांनी घडवली. बॉलपेननं सहज, तिरपं लिहावं तशी ही अक्षरं. पण त्या सहजतेमागं जोडाक्षरांसकट हजाराहून अधिक आकार आखलेले आहेत.

हाताच्या लकबीचा फॉन्ट करताना रोमन अक्षरं सुटी असली, तर ती वरखाली नाचवता येतात. देवनागरीत शिरोरेघ आडवी येते. वहीत आपण अक्षरं लिहितो आणि शेवटी रेघ ओढतो. मोडी लिहिणारे आधी रेघ ओढत आणि तिच्याखाली अक्षरं मांडत. फॉन्टला यातलं काहीच जमत नाही. तिथं प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा घेऊन येतं, आणि शेजारी कोण बसणार हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून फॉन्ट घडवणारा अक्षराच्या पोटाला, पायाला, मात्रेला हवं तसं वळण देतो. रेघेची दोन्ही टोकं मात्र ठरल्या उंचीवर, ठरल्या जाडीची ठेवतो. तिथं केसभर चुकलं, तर शब्दात पायरी पडते आणि सगळी गंमत गबाळी दिसू लागते.

घरात, गावात, कचेरीत माणसंही आपापल्या वळणाची असतात. कुणी मोठ्यानं बोलतं, कुणी दहादा विचारलं तरी ‘हूं’च म्हणतं. आपण नेमके त्या वळणावर अडतो. दुसऱ्याचं पोट, शेपूट आपल्यासारखं व्हावं म्हणून झटतो. आणि जिथं खरोखर जुळायला हवं, तिथं सैल राहतो: मांडवाच्या कामाला येतो म्हटलं आणि गेलो नाही, उसने पैसे परत द्यायचा दिवस हळूच पुढं ढकलला.

एकत्र राहायला लागतं ते थोडंच, पण तेवढं चोख लागतं. आज कुणाच्या तऱ्हेवर बोलण्याआधी पाहावं, की आपण दिलेली वेळ पाळली का, कबूल केलेलं काम झालं का. ते जुळत असेल, तर बाकीचं वळण ज्याचं त्याच्यापाशी राहू द्यावं.