दारामागचा गॉब्लिन

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या भाच्याने एक खेळ आणला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला. चारपाच जणांनी मिळून गोष्ट रचायची आणि अडले की फासा टाकायचा. कादंबरीकाराला हेवा वाटावा असा उद्योग!

मी मात्र गुंतलो तो नियमांत. २०१४ च्या आवृत्तीत प्रत्येक जीव चौदांपैकी एका 'टाईप'चा असतो: पशू, वनस्पती, महाकाय, मानवसदृश वगैरे. "म्हणजे जात," मी म्हणालो, आणि माझ्याच शब्दाने दचकलो. मंत्र जीवाला ओळखीत नाही, या शब्दाला ओळखतो. जागच्या जागी खिळवण्याचा एक मंत्र फक्त मानवसदृशावर चालतो. ऑगर नावाचा दांडगा दिसतो माणसासारखाच. पण तो पडला 'महाकाय', तेव्हा मंत्र फुकट.

आता यात गैर काय? शब्द नेमके नसतील तर दर मंत्रागणिक भांडण होईल. अमुक नियम लागू, एवढेच तो शब्द सांगतो. जीव भला की बुरा, हे नव्हे. पण त्याच पुस्तकात गॉब्लिनच्या जातीशेजारी 'दुष्ट' असेही छापले होते. ते बदलण्याची मुभा होती म्हणा. पण छापील शब्दापुढे मुभेला कोण विचारतो? दार उघडले की मंडळी तलवार उपसतात. पुढे २०२५ च्या पुस्तकात गॉब्लिन मानवसदृशांतून निघून परीवंशात गेले, आणि तो खिळवण्याचा मंत्र त्यांच्यावर चालेनासा झाला. बिचाऱ्यांनी स्वतः काहीच केले नव्हते!

मास्तरकीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'उनाड' असे लिहिले होते. त्याने त्या आठवड्यात दोनदा शाळा बुडवली होती, इतकेच. पुढच्या वर्गात काच फुटली, तेव्हा त्यालाच उभे केले गेले. मास्तरांनी माझा शेरा वाचला होता. काच दुसऱ्यानेच फोडली होती, हे महिन्याने कळले. शेरा शाईचा होता.

"मामा, दारामागे गॉब्लिन आहे. काय करता?" भाच्याने विचारले.

"आधी त्याचे नाव विचारतो."

"नाव नाही हो त्याला! पुस्तकात नुसते 'गॉब्लिन' आहे."

"मग तू ठेव."

बाकीची मुले फासे घेऊन खोळंबली होती. तो बराच वेळ पेन्सिल चघळत बसला.